उत्सवाच्या पायाखालचे न्यूरेंबर्ग

म्युनिकहून वेगवान रेल्वेने उत्तरेकडे निघाले की तासा-सव्वा तासात न्यूरेंबर्ग येते. भारतातून जर्मनीला जाणाऱ्या बहुतेकांच्या सहलीत या शहराच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो, आणि तो दोनपैकी एका पद्धतीने जातो. डिसेंबर असेल तर ख्रिसमसचा बाजार, टेकडीवरचा सम्राटांचा किल्ला, बोटाएवढे सॉसेज आणि लेबकुखन ही मसाल्याची बिस्किटे एवढे उरकून लोक परततात. इतिहासाची ओढ असणारे शहराबाहेरचे नाझी मेळाव्यांचे मैदान आणि युद्धगुन्हेगारांवर जिथे खटला चालला ते न्यायालय गाठतात. पर्यटनाची पत्रके हीच वाटणी मान्य करून चालतात: एका पानावर सुंदर न्यूरेंबर्ग, दुसऱ्या पानावर भीषण न्यूरेंबर्ग. माझ्या मते ही वाटणीच दिशाभूल करणारी आहे. या शहरात प्रेक्षणीय स्थळे आणि सणसमारंभ वेगळे काढता येत नाहीत. इथला जवळजवळ प्रत्येक मोठा उत्सव अशा जमिनीवर भरतो, जिथे पूर्वी कधीतरी जमावाने काहीतरी घडवले आहे, कधी भले, कधी अमानुष. पायाखालची जमीन समजून घेऊन तिथला उत्सव पाहिला, तरच शहर पाहिले असे म्हणता येईल.

सुरुवात मुख्य चौकापासूनच करावी, कारण ख्रिसमसचा बाजार तिथेच भरतो. हाउप्टमार्क्ट या चौकात फ्राउएनकिर्श हे विटकरी रंगाचे गॉथिक चर्च उभे आहे. त्याच्या दर्शनी भागावर १५०९ सालचे एक यांत्रिक घड्याळ आहे. रोज दुपारी बारा वाजता मध्यभागी बसलेल्या सम्राट चौथ्या कार्लभोवती सात निर्वाचक राजपुरुषांच्या बाहुल्या तीन फेऱ्या घालतात, आणि खाली जमलेले पर्यटक मोबाइल वर करून ते टिपतात. जर्मन राजाची निवड कोणी व कशी करायची हे ठरवणारे फर्मान कार्लने १३५६ साली काढले. प्रत्येक नव्या राजाने आपली पहिली राजसभा न्यूरेंबर्गमध्ये भरवावी, असेही त्यात होते. त्या मानाची आठवण म्हणून हे घड्याळ. पण याच कार्लने सात वर्षे आधी आणखी एका कागदावर सही केली होती. आजच्या चौकाच्या जागी तेव्हा ज्यूंची वस्ती होती. बाजारासाठी मोठे मैदान हवे म्हणून ती पाडायची परवानगी त्याने शहराला दिली, आणि ५ डिसेंबर १३४९ रोजी किमान ५६२ ज्यू मारले गेले. त्यांच्या प्रार्थनागृहाच्या जागेवर चर्च बांधले गेले. चर्चच्या आत जमिनीत बसवलेला डेव्हिडचा तारा त्याची साक्ष देतो. ५ डिसेंबर म्हणजे आजच्या बाजारातला ऐन गर्दीचा दिवस. चौकातल्या लाखो लोकांपैकी आत जाऊन तो तारा पाहणारे मात्र फार थोडे.

आता त्या बाजाराकडे वळू. क्रिस्टकिंडलेसमार्क्ट हे त्याचे नाव. पहिल्या अ‍ॅडव्हेंट रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सायंकाळी साडेपाचला चर्चच्या सज्जात सोनेरी केसांची, पांढऱ्या-सोनेरी वेशातली एक मुलगी येते, पद्यातले निमंत्रण म्हणते आणि बाजार सुरू होतो; तो २४ डिसेंबरपर्यंत चालतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छतांचे सुमारे १८० गाळे, सुक्या आलुबुखाऱ्यांच्या बाहुल्या, गरम मसालेदार वाइन, पावात घातलेली तीन छोटी सॉसेजे, आणि दरवर्षी सुमारे वीस लाख माणसे. हे सारे अनादी काळापासून असेच चालत आले आहे असे पाहणाऱ्याला वाटते, आणि तसे वाटावे अशीच त्याची मांडणी आहे. बाजाराचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे १६२८ साली तिथून भेट म्हणून पाठवलेली, रंगवलेली एक लाकडी डबी. शहरातल्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात ती जपली आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा बाजार मुख्य चौकातून हटला आणि अनेक वर्षे इकडेतिकडे हलत राहिला. त्याला थाटामाटात चौकात परत आणले १९३३ साली, शहराच्या नाझी महापौराने. त्या वेळी चौकाचे नाव अ‍ॅडॉल्फ हिटलर चौक होते. सोनेरी केसांच्या देवदूतसदृश मुलीने उद्घाटन करण्याची प्रथाही तेव्हाचीच. युद्धात बाजार बंद पडला, आणि १९४८ साली ढिगाऱ्यांच्या मध्ये तो पुन्हा भरला, तेव्हा निमंत्रण नव्याने लिहिले गेले.

इथे एक रास्त आक्षेप येतो. नाझींनी सजवलेली परंपरा असेल तर तिच्यात सहभागी व्हायचे तरी कशाला? याचे उत्तर परंपरेच्या जन्मात शोधण्यापेक्षा तिचे पुढे काय झाले त्यात शोधावे. १९४८ नंतरची पहिली वीस वर्षे ही भूमिका व्यावसायिक अभिनेत्रींनी केली. १९६९ पासून शहरातल्याच सोळा ते एकोणीस वर्षांच्या मुलींमधून दोन वर्षांसाठी एकीची निवड होते. निवड झालेली मुलगी सज्जातल्या त्या एका संध्याकाळपुरती नसते. पुढचे काही आठवडे ती रुग्णालये, वृद्धाश्रम, बालवाड्या यांना भेटी देत फिरते. २०१९ साली ज्या सतरा वर्षांच्या मुलीची निवड झाली, तिचे वडील भारतीय आहेत. तिच्या वर्णावरून एएफडी या पक्षाच्या एका जिल्हा शाखेने समाजमाध्यमावर हिणकस टिप्पणी केली. त्यावर शहरातून आणि देशभरातून असा आवाज उठला की शाखेला ती टिप्पणी काढून माफी मागावी लागली. ती मुलगी सज्जात उभी राहिली आणि बाजार तिच्याच शब्दांनी सुरू झाला. १९३३ साली ज्या समारंभातून वंशशुद्ध जर्मनीचे चित्र उभे करायचे होते, तिथे हे घडले. परंपरा कोणी सुरू केली यापेक्षा आज ती कोणाच्या हातात आहे याला जास्त वजन द्यायला हवे, असे मला वाटते ते यामुळे.

बाजारातल्या लेबकुखनचाही धागा दूरवर जातो, आणि तो आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. शहराभोवतीच्या साम्राज्याच्या जंगलात मधमाश्यापालन मोठे होते, म्हणून मध मुबलक. आणि शहर व्यापारी मार्गांच्या छेदावर, म्हणून दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ हाताशी. त्यांतला अव्वल प्रकार म्हणजे एलिझेनलेबकुखन. त्यात किमान चतुर्थांश भाग बदाम-अक्रोडांसारख्या कवचफळांचा असावा लागतो आणि मैदा दहा टक्क्यांहून जास्त चालत नाही. मसाले आधी व्हेनिसमार्गे यायचे. पोर्तुगिजांनी समुद्रमार्ग शोधल्यावर न्यूरेंबर्गचे व्यापारी स्वस्थ बसले नाहीत: १५०५ साली फ्रान्सिश्कु द अल्मेदाच्या ज्या आरमाराने कारवारजवळच्या अंजदीव बेटावर किल्ला बांधायला घेतला, त्यात इथल्या हिर्शफोगेल आणि इमहोफ घराण्यांचे पैसे गुंतले होते. दहाच वर्षांनी गोव्याहून निघालेला एक गेंडा या शहरातून जगप्रसिद्ध झाला. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिलेला तो प्राणी जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोहोचला. त्याचे वर्णन आणि एक रेखाटन न्यूरेंबर्गला आले, आणि चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने प्राणी न पाहताच लाकडावर कोरून त्याचे चित्र छापले. अंगावर चिलखताच्या पत्र्यांसारखी कातडी, खांद्यावर नसलेले एक छोटे शिंग, तरीही पुढची दोनेक शतके युरोपने गेंडा ओळखला तो याच चित्रावरून. ड्यूररचे १५०९ पासूनचे घर किल्ल्याच्या पायथ्याशी आजही पाहता येते. गोव्याच्या किंवा कोकणच्या माणसाने ते चुकवू नये.

या ऐश्वर्यामुळेच नाझींची नजर न्यूरेंबर्गवर गेली, आणि माझ्या म्हणण्याचा कणा हाच आहे. सम्राटांचा किल्ला, राजसभांचे शहर, कवी हान्स साक्स आणि त्याच्या गायक-कारागिरांची परंपरा, ड्यूररचे घर, उतरत्या छपरांच्या गल्ल्या: एवढी तयार पार्श्वभूमी त्यांना दुसरीकडे मिळाली नसती. १९३३ ते १९३८ दर सप्टेंबरला इथे पक्षाचा मेळावा भरे आणि सुमारे आठवडाभर चाले. आज आपण त्याला राजकीय सभा म्हणतो, पण त्याची रचना उत्सवाची होती. ठरलेला ऋतू, ठरलेले विधी, मिरवणुका, ध्वज, रात्रीची रोषणाई, वाग्नरचा ‘माइस्टरसिंगर’ हा ऑपेरा, आणि मुख्य चौकातून हिटलरसमोरून जाणारे संचलन. सर्चलाइटच्या झोतांनी आकाशात उभे केलेले प्रकाशस्तंभ ही हिटलरचा वास्तुकार आल्बर्ट श्पेअर याची कल्पना. १९३५च्या अशाच उत्सवी आठवड्यात, १५ सप्टेंबरला, ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे याच शहरात मंजूर झाले. म्हणजे सुंदर न्यूरेंबर्ग आणि भीषण न्यूरेंबर्ग यांची गाठ नाझींनीच घालून ठेवली होती. सौंदर्याचा उपयोग रंगमंचाच्या पडद्यासारखा झाला. त्याची किंमत शहराने २ जानेवारी १९४५च्या रात्री मोजली. बाँबवर्षावात सुमारे १८०० माणसे मेली, लाखभर बेघर झाली, आणि जुन्या शहराचा सुमारे नव्वद टक्के भाग कोसळला. आज दिसणारे जुने शहर बव्हंशी त्यानंतरचे आहे. रस्त्यांची आखणी, घरांची उंची, छपरांचा उतार जुनाच ठेवून नव्या भिंती उभ्या केल्या. काही जण त्याला नकली म्हणतात. मला ते पटत नाही. प्रत्येक घर हुबेहूब उभारण्याचा आव न आणता शहराची ठेवण राखणे, हा त्या पिढीने घेतलेला प्रामाणिक निर्णय होता.

पण मेळाव्यांच्या मैदानाशी तीच पिढी इतकी प्रामाणिक वागली नाही, हेही सांगायला हवे. जुन्या शहराच्या आग्नेयेला काही किलोमीटरवर डुट्सेंटटाइश तळ्याभोवती ते पसरले आहे. पन्नास हजार माणसांसाठी आखलेले, रोमच्या कोलोसियमवर बेतलेले सभागृह अर्धवटच राहिले. युद्धानंतर टपालाने माल विकणाऱ्या एका कंपनीने ते गोदाम म्हणून वापरले. झेपेलिन मैदानावरच्या प्रेक्षागाराचे स्वस्तिक अमेरिकन सैनिकांनी १९४५च्या एप्रिलमध्ये सुरुंगाने उडवले, आणि १९६७ साली शहराने त्यावरची खांबांची रांग धोकादायक म्हणून पाडली. त्याच्यासमोरच्या रस्त्यावरून १९४७ पासून मोटारशर्यती धावताहेत. १९८० च्या दशकात सभागृहाचे खरेदी-केंद्र करायची योजना पुढे आली होती, ती विरोधामुळे बारगळली. १९८५ साली प्रेक्षागाराच्या आत एक साधे प्रदर्शन उघडले आणि खरे दस्तावेज केंद्र व्हायला २००१ साल उजाडले. ग्युंटर डोमेनिग या ऑस्ट्रियन वास्तुकाराने सभागृहाच्या ग्रॅनाइटच्या भिंती छेदत पोलाद आणि काचेचा एक तिरपा मार्ग आरपार काढला. नाझींच्या काटकोनांना दिलेले ते उत्तर पाहण्यासाठी तरी तिथे जावे. युद्ध संपल्यापासून या केंद्रापर्यंत छप्पन वर्षे गेली. जर्मनांनी आपला भूतकाळ लगेच आणि सरळपणे कबूल केला, असे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. न्यूरेंबर्गचा अनुभव तसा नाही. तिथे विसरण्याचा मोह मोठा होता, आणि नागरिकांच्या छोट्या गटांनी त्याच्याशी दशकानुदशके भांडण केले.

सर्वांत कठीण प्रश्न असा, की या मैदानांवर आज उत्सव भरवणे योग्य आहे का? कारण ते भरतात, आणि मोठ्या प्रमाणावर भरतात. झेपेलिन मैदानाच्या परिसरात जूनच्या सुमारास ‘रॉक इम पार्क’ हा संगीत महोत्सव होतो. तळ्याकाठी वसंतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस जत्रा लागते, पाळणे आणि बिअरच्या तंबूंसह. तिचे मूळ १८२६ साली राजा पहिल्या लुडविगच्या वाढदिवसानिमित्त भरलेल्या लोकोत्सवात आहे. लुइटपोल्डहाइन या उद्यानात ऐन उन्हाळ्यात ‘क्लासिक ओपन एअर’च्या संध्याकाळी हजारो लोक गवतावर चादरी पसरून, डबे उघडून, मेणबत्त्या लावून वाद्यवृंद ऐकतात, तेही फुकट. याच हिरवळीवर एसए आणि एसएस या संघटनांचे दीड लाखांपर्यंत गणवेशधारी रांगेत उभे राहत. बळी गेलेल्यांचा हा अपमान आहे असे मानणाऱ्यांची भावना मी हलकी मानत नाही. पण जागा कुंपण घालून पवित्र-अपवित्र ठरवली, तर नाझींनी तिला दिलेले माहात्म्य आपणच टिकवतो. लुइटपोल्डहाइनमध्ये रांगा मोडल्या आहेत. माणसे वाटेल तशी, वाटेल त्याच्याशेजारी बसतात, मुले मधूनच धावतात, कोणी उठून घरी गेले तरी चालते. जमावाचा स्वभावच बदललेला दिसतो, आणि मला तो वापर शोभून दिसतो. मोटारशर्यतीबद्दल मात्र मी तेवढा निश्चिंत नाही. जिथे इतिहासाला उत्तर मिळत नाही, नुसता आवाज त्याच्यावरून निघून जातो, तिथे उत्सव म्हणजे विसरण्याचीच दुसरी तऱ्हा होते. एकच नियम सगळ्या जागांना लावता येत नाही. प्रत्येक जागी लोक तिथे काय करतात ते पाहूनच ठरवावे लागते.

सुट्टीवर आलेल्या माणसाला एवढे ओझे कशाला, असेही कोणी म्हणेल. वर्षभर कष्ट करून, पैसे साठवून, मुलाबाळांसह परदेशी गेलेल्या कुटुंबाला दोन घटका आनंद हवा असतो, आणि तो हक्काचा आहे. मी त्या आनंदाच्या आड येत नाही. माझा मुद्दा उलट आहे: इथला इतिहास कळल्याने बाजार उणा होत नाही, तो जास्त दिसू लागतो. १९४८च्या डिसेंबरात घरे पडलेल्या, सरपण आणि साखर दुर्मीळ असलेल्या शहरात लोकांनी पुन्हा गाळे मांडले, हे ठाऊक असलेल्याला त्या दिव्यांचा अर्थ वेगळा लागतो. मुलांसाठी हान्स साक्स चौकात वेगळा बालबाजार भरतो, जुन्या धर्तीचा फिरता पाळणा असतो. तिथे मुलांना रमू द्यावे. पुढच्या सकाळी मोठ्यांनी मैदानावर जावे. अंतर ट्रामने थोडक्या वेळाचे आहे.

खटल्याचे न्यायालय पश्चिमेला, फ्युर्थरश्ट्रास या रस्त्यावर आहे. २० नोव्हेंबर १९४५ पासून १ ऑक्टोबर १९४६ पर्यंत सहाशे क्रमांकाच्या कक्षात गोरिंग, हेस, रिबेनट्रॉप यांच्यासह नाझी नेतृत्वावर आंतरराष्ट्रीय खटला चालला. बारा जणांना फाशीची शिक्षा झाली, तिघांची सुटका झाली. २०१० पासून वरच्या मजल्यावर त्याचे संग्रहालय आहे. जेत्यांनी चालवलेला हा न्याय होता, ही टीका तेव्हापासून होत आली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. सोव्हिएत संघ न्यायासनावर होता आणि त्याचे स्वतःचे अपराध पटलावर आले नाहीत. तरीही राज्यकर्त्याच्या हुकमामागे लपता येणार नाही, हे तत्त्व याच खोलीत कायद्याच्या भाषेत उभे राहिले. त्याचा धागा शहराने स्वतःच पुढे नेला. राष्ट्रीय संग्रहालयाबाहेरच्या गल्लीत १९९३ साली इस्रायली शिल्पकार दानी कारावान याने ‘मानवी हक्कांचा रस्ता’ उभारला. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या तीस कलमांसाठी पांढरे खांब आहेत, आणि एका खांबाच्या जागी ओकचे झाड लावले आहे. १९९५ पासून एक वर्षाआड, सप्टेंबरमध्ये, शहर मानवी हक्क पुरस्कार देते, आणि त्यानंतर याच परिसरात लांबच लांब टेबले मांडून नागरिक एकत्र जेवतात. एकेकाळी सप्टेंबर हा मेळाव्यांचा महिना होता. पर्यटकांच्या यादीत ही शांततेची पंगत क्वचितच असते. मला ती या शहरातली सर्वांत विचारपूर्वक घडवलेली प्रथा वाटते.

शेवटचा आक्षेप अधिक धारदार आहे. पश्चात्तापही आता विकाऊ झाला, शहराने त्याचीच ओळख करून पर्यटक ओढले, असा तो आहे. थोडेफार तसे झालेही असेल. पण हिशेब पाहावा. झेपेलिनचे प्रेक्षागार आणि मैदान देखणे करायचे नाही, पुन्हा बांधायचे नाही, केवळ पडू न देता लोकांना सुरक्षितपणे पाहता येईल एवढेच ठेवायचे, यासाठी सुमारे साडेआठ कोटी युरोंची योजना आखली गेली, आणि निम्मा भार केंद्र सरकारने उचलला. यातून कमाई करायची असती तर वाटा याहून सोप्या होत्या. कारण व्यावहारिक आहे: प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता जवळजवळ उरली नाहीत, त्यामुळे जागांनाच साक्ष द्यावी लागणार. दरम्यान अर्धवट सभागृहाच्या आवारात शहराच्या ऑपेराला तात्पुरती जागा आणि कलाकारांना कार्यशाळा देण्याचा निर्णय नगरपरिषदेने घेतला. त्यावरचे मतभेद अजून मिटलेले नाहीत.

ज्याला एकदाच जाता येईल त्याने डिसेंबरच निवडावा असे मला वाटत नाही. जुलैअखेर ते ऑगस्टची सुरुवात या दिवसांत ‘बार्डनट्रेफन’ हा गायक-कवींचा मेळा भरतो. हान्स साक्सच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली त्या १९७६ साली तो सुरू झाला. जुन्या शहराच्या चौकाचौकांत मंच लागतात, जगभरची गाणी होतात, तिकीट नसते. त्यातला एक मंच सेंट कॅथरीन चर्चच्या अवशेषांत असतो. जुन्या काळी गायक-कारागीर तिथे स्पर्धा घेत. १९४५च्या बाँबवर्षावात छप्पर गेले आणि ते मुद्दाम परत बांधले नाही. त्या आठवड्यात हॉटेले लवकर भरतात, तेव्हा आरक्षण मे महिन्यातच करावे; न्यायालयाचे संग्रहालय मंगळवारी बंद असते, तो दिवस मैदानासाठी ठेवावा.